ढोलकीची जागा

नव्वदीच्या दशकात आमच्या आदिलाबादच्या घरी दुपारी अनोळखी माणसं यायची. कुणाच्या काखेत ढोलकी, कुणाच्या पिशवीत टाळ, कुणाच्या हातात नुसतीच एक घासलेली कॅसेट. जिना चढून वर येत, दारात चपला काढत आणि विचारत, "मशीनवाल्या बाईंचं घर हेच काय?" शेजारच्या काकूंनी काही महिने हे नुसतं पाहिलं. मग एकदा आमच्या ह्यांना अडवून म्हणाल्या, "तुमच्या घरी दवाखाना काढला काय?" हे म्हणाले, "दवाखानाच समजा. लोक आपला ठेका घेऊन येतात, ही त्याच्यावर इलाज करते."

मी कीबोर्डमध्ये ठेके भरून द्यायची. सकाळी शाळेत संगीत शिकवायचं आणि दुपारी हा उद्योग. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या काळात आदिलाबादेपासून पार नार्नूरपर्यंत ज्या ऑर्केस्ट्रा पार्ट्या आणि भजनी मंडळं कीबोर्ड वापरत, त्यांतल्या बऱ्याच जणांकडे माझ्या घरी भरलेला ठेका वाजत होता. माझं नाव कुठंच नव्हतं. ठेक्याला नाव द्यायला यंत्रात आठ अक्षरांची जागा असे, तीही इंग्रजी. त्यात 'भजनी' लिहू की 'शैलजा'?

ज्यांनी नुसती पेटीच पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगते. पेटीत तुम्ही वाजवाल तेवढंच वाजतं. या जपानी कीबोर्डात उजव्या हातानं गाणं वाजवायचं आणि डाव्या हातानं तीन पट्ट्या दाबून धरायच्या. बाकीचा सगळा वाद्यवृंद यंत्र आपला आपण वाजवतं. ड्रम, बेस गिटार, मागची सुरांची झणझण, सगळं. डाव्या हाताच्या पट्ट्या बदलल्या की ही सगळी अदृश्य मंडळी तुमच्यामागं सूर बदलतात. यंत्रात शंभरेक ठेके आधीच भरलेले असत, पण त्यांची नावं परदेशी आणि चालही परदेशी. आपलं भजन त्यावर म्हटलं की नऊवारीवर बूट घातल्यासारखं वाटे. म्हणून बनवणाऱ्यांनी चार खण रिकामे ठेवलेले होते, त्यांत ज्याचा त्यानं आपला ठेका भरायचा. सोबतच्या इंग्रजी पुस्तकात त्याची सहा पानं होती. माझे दीर आखातात नोकरीला होते, त्यांनी तो कीबोर्ड आणला तेव्हा मला म्हणाले होते, "वहिनी, दोन दिवसांत जमेल तुम्हाला." ती सहा पानं कळायला मला एक अख्खा उन्हाळा लागला.

पद्धत अशी. दोन आवर्तनांचा तुकडा यंत्रात सारखा फिरत राहतो. पहिल्या फेरीत फक्त 'धुम' भरायचा. दुसरी फेरी आली की त्यावर 'चाट'. तिसऱ्या फेरीत मंजिरीची बारीक किणकिण. चुकलं तर तेवढाच आवाज पुसायचा आणि पुढच्या फेरीची वाट पाहायची. ड्रम झाला की बेस, बेस झाला की सूर. मग गाण्याआधीची उठावणी वेगळी, कडव्याआधीची तोड वेगळी, शेवट वेगळा. ढोलकीचा आवाज त्या यंत्रात नव्हताच. आफ्रिकेकडच्या कुठल्याशा ढोलाचे दोन आवाज होते, ते खाली उतरवून मी त्यांना ढोलकी म्हणायला शिकवलं.

चुका भरपूर केल्या. आमच्या मुख्याध्यापकांनी एकदा पंधरा ऑगस्टच्या कवायतीसाठी ठेका मागितला. मी छान भरला, उत्साहात शेवटही झोकदार केला. कवायत ऐन रंगात आली असताना माझं बोट तोडीच्या बटणाऐवजी शेवटाच्या बटणावर पडलं. 'धडाम' करून सगळं थांबलं आणि दोनशे पोरांचे डावे पाय हवेत तसेच राहिले. व्यासपीठावरचे मोठे साहेब टाळ्या वाजवू लागले, त्यांना वाटलं ते मुद्दामच बसवलं आहे. मुख्याध्यापक मला नंतर एवढंच म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षी ढोल-ताशाच बरा."

आणि एकदा पूर्ण हरले. नार्नूरकडचे एक गोंड मास्तर आपल्या वृद्ध काकांना घेऊन आले होते. शाळेच्या संमेलनासाठी त्यांच्या नाचाचा ठेका हवा होता. काका खुर्चीवर बसले, ढोल मांडीवर घेतला आणि वाजवेनातच. मास्तर म्हणाले, "ते म्हणतात, नाचणारे कुठं आहेत?" शेवटी मास्तर स्वतः आमच्या बैठकीच्या खोलीत गोल फिरून नाचले, तेव्हा काकांचा हात सुटला. मी ऐकत राहिले, मोजत राहिले. यंत्राला दोन किंवा चार आवर्तनांत संपणारा तुकडा लागतो. काकांचा ठेका नाचणाऱ्याच्या पायांवर चालत होता, पाय जिकडे वळेल तिकडे तो वळायचा. मी कसाबसा एक तुकडा कापून भरला. काकांनी तो ऐकला, हसले आणि गोंडीत काहीतरी बोलले. मास्तरांनी संकोचून भाषांतर केलं, "म्हणतात, बसून राहणाऱ्या लोकांसाठी चांगला आहे." मी तो खण त्यांच्यासमोरच पुसून टाकला.

पण हे सगळं आज हसत सांगता येतं. एक गोष्ट मात्र मी आजवर फारशी कुणाला सांगितली नाही.

मल्लेश नावाचा एक तेलुगू गृहस्थ आदिलाबादेत ऑर्केस्ट्रा पार्टी चालवायचा. लग्नं, गणपती, निवडणुकीच्या सभा, काहीही. बोलका, धडपड्या, सगळ्यांना चहा पाजणारा माणूस. एका डिसेंबरात तो माझ्याकडे आला, सोबत त्याचा ढोलकीवाला. गंगाराम हे त्याचं नाव. तलमडुगूकडचा शेतकरी, कापूस आणि ज्वारी पिकवणारा, चाळिशीचा, उंच, कमी बोलणारा. ढोलकी त्याला बापाकडून आलेली.

"मॅडम, कपास के टाइम में इसको गाँव से छुट्टी नहीं मिलती," मल्लेश म्हणाला. "उतने दिन के लिए इसका ठेका मशीन में डाल दो. बस."

मी गंगारामभाऊंना म्हटलं, "एकदा वाजवून दाखवा."

त्यांनी वाजवलं आणि मी हातातला कप खाली ठेवला. साधाच ठेका, लग्नाच्या गाण्यात शंभरदा ऐकलेला. पण तिसरी थाप केसभर मागं यायची. उशीर नव्हे, जणू कुणी दारात थांबून, आत बघून मग पाऊल टाकतं, तशी. त्या केसभरामुळे ऐकणाऱ्याची मान आपोआप हलायची. मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं.

पहिल्या दिवशी मी ऐकून माझ्या बोटांनी भरला. यंत्रानं वाजवून दाखवला. गंगारामभाऊ डोकं तिरपं करून ऐकत राहिले.

"हे कोण वाजवून राह्यलं?"

"तुमचाच ठेका आहे की."

"नाही ताई. हा मी नाही. हा कोणी शाळेत शिकेल माणूस हाय."

त्यांचं बरोबर होतं. यंत्राला एक खोड असते. तुमची थाप थोडी पुढंमागं पडली की ते ती ओढून जवळच्या मात्रेवर नेऊन बसवतं. मागं येणारी थाप त्यानं सरळ करून टाकली होती. रात्रीचा स्वयंपाक तसाच ठेवून मी ते पुस्तक पुन्हा उलगडलं आणि ही खोड बंद करायची खूण सापडली. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मी नाही वाजवणार. तुम्हीच वाजवा पट्ट्यांवर. डाव्या बोटानं धुम, उजव्या बोटानं चाट."

नांगर धरणारी बोटं ती. एका बोटाखाली दोन पट्ट्या दबायच्या. मग मी शेजारच्या पट्ट्यांखाली काड्यापेटीचा पुठ्ठा खोचला, म्हणजे त्या खाली जाणारच नाहीत. गंगारामभाऊ घाम पुसत, श्वास रोखून दोन बोटांनी वाजवत राहिले. दोन तासांनी यंत्रातून तो ठेका बाहेर आला, तिसऱ्या थापेसकट. ते उठून उभेच राहिले.

"अरे! हा त मी हाय!" त्यांनी कीबोर्डाच्या मागं वाकून पाहिलं, खरंच. आम्ही दोघंही लहान पोरांसारखे हसलो.

त्या संध्याकाळी मल्लेश त्यांना न्यायला आला. ते खाली गेल्यावर मी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेले. खाली जिन्याशी मल्लेश त्याच्या जीपवाल्याशी बोलत होता. "दो-चार दिन की बात है. फिर ये ढोलकवाले का झंझटच नहीं."

मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं. कपडे काढून आत आले, घड्या घातल्या आणि मनाला समजावलं की त्याला कापसाच्या दिवसांपुरतंच म्हणायचं असेल.

तिसऱ्या दिवशी बेस भरत असताना लाइट गेली. त्या कीबोर्डाची आठवण सेलवर टिकायची. मागचं झाकण उघडलं तर सेल फुटून हिरवट पाणी सुटलेलं. लाइट आली तेव्हा चारही खण कोरे होते. गंगारामभाऊंचा हात गेला होता.

तिथंच थांबता आलं असतं. "नाही जमत हो, यंत्र खराब आहे," एवढं म्हटलं असतं तर कुणी मला विचारायला आलं नसतं. पण मला तो ठेका हवा होता. इतका बारीक, इतका जिवंत ठेका मी कधी भरला नव्हता आणि तो माझ्या यंत्रात वाजतो आहे हे मला पुन्हा ऐकायचं होतं. मी गंगारामभाऊंकडे पाहिलं.

"गेलं त गेलं," ते म्हणाले. "हात त हाय न इथं." आणि पुन्हा पट्ट्यांवर बोटं ठेवली.

दुसऱ्यांदा तो आधीपेक्षाही चांगला उतरला. मल्लेशच्या कीबोर्डाला फ्लॉपी लागायची. तो आपला कीबोर्ड घेऊन आला, मी दोन्ही यंत्रं तारेनं जोडून सगळं त्यात भरून दिलं, फ्लॉपीवर 'गंगा' लिहिलं. तो खूश झाला. मीही खूश होते.

वैशाखात आमच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या मुलीचं लग्न होतं. दुपारच्या पंगती चालू होत्या आणि मांडवात मल्लेशची पार्टी वाजत होती. मी पानावर बसले, पहिला घास घेतला आणि तो ठेका सुरू झाला. मी मान वर करून पाहिलं. मंचावर गाणारी दोघं, गिटारवाला आणि कीबोर्डवर मल्लेश स्वतः. ढोलकी नव्हती. ढोलकीसाठीची खुर्चीही नव्हती. तिसरी थाप मात्र केसभर मागं येत होती आणि बसलेल्या लोकांच्या माना हलत होत्या.

जेवण तसंच टाकून मी मंचाजवळ गेले. गाणं संपल्यावर मल्लेशनं मला हात केला. "मॅडम, एकदम असली! किसी को पता बी नहीं चलता!"

"गंगारामभाऊ कुठंयत?"

"वो? गाँव में. कपास का टाइम है ना."

वैशाखात कसला आलाय कापूस? शेतात धसकटाशिवाय काही नसतं. त्यालाही ते कळलं, कारण त्यानं नजर फिरवली आणि पुढचं गाणं सुरू केलं.

चार दिवसांनी मी बसनं तलमडुगूला गेले आणि तिथून विचारत विचारत त्यांच्या गावी. घरी त्यांच्या पत्नी, रुक्माबाई, भाकरी थापत होत्या. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

"तुमीच काय त्या मशीनवाल्या?"

"हो."

"घरी येऊन सांगे रोज. ताईनं हे केलं, ताईनं थे केलं. मले म्हणे, एक दिवस तुले नेतो आयकाले." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "तुमीच घेतला न त्याचा हात?"

त्यांनी उठून मला पाणी मात्र दिलं.

गंगारामभाऊ शेतातून धसकटं वेचून आले. मला पाहून थबकले, मग हातपाय धुऊन ओसरीवर टेकले. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. पाऊस कधी येईल, बसला गर्दी होती काय. मग त्यांनी खाली पाहतच विचारलं, "ताई, एक इचारू? मी तुमच्या घरी बसून वाजवून राह्यलो होतो, तवा तुमाले माहीत होतं काय, हे असं होणार म्हणून?"

"नाही," मी म्हणाले. "नाही हो गंगारामभाऊ. मला काय माहीत?"

"बरं," ते म्हणाले. "चहा घेऊन जाजा."

परतीच्या बसमध्ये मला आठवतं, खिडकीबाहेर सगळी रानं उघडी पडलेली होती आणि मी स्वतःशी सारखं म्हणत होते की खरं सांगून त्यांना काय मिळालं असतं.

मल्लेशशी मात्र मी भांडले. तो ऐकून घेत होता. वाईट माणूस नव्हता तो, हेच अवघड होतं. "मॅडम, जीप में छे सीट हैं," तो म्हणाला. "लोगों को दो सिंगर होना, लेडीज सिंगर होना. कौन उतरेगा, आप बोलो." मी त्याला सांगितलं, यापुढं तुझं काम करणार नाही. तो उठून गेला आणि पुढं त्याचे ठेके निझामाबादहून भरून यायला लागले. माझ्या नकारानं कुणाचं काही अडलं नाही. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष मी ढोलकीचा ठेका भरलाच नाही. कुणी आलं की म्हणायची, यंत्र बिघडलंय. काकू ह्यांना म्हणाल्या, "दवाखाना बंद दिसते."

मग एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि गंगारामभाऊ दारात उभे. काखेत ढोलकी. मागं त्यांचे साळे देवराव, हातात चादरीत गुंडाळलेला एक लहानसा जुना कीबोर्ड. देवरावांना पेटी थोडी यायची आणि कुणीतरी विकायला काढलेला हा कीबोर्ड त्यांनी घेतला होता.

"ताई, ठेका भरून पायजे," गंगारामभाऊ म्हणाले.

माझा चेहरा पाहून त्यांनी पुढचं लगेच सांगितलं. "माहा नाही. बेस भरा, सूर भरा, मंजिरी भरा. ढोलकीची जागा रिकामी ठेवा. थे मी वाजवतो. आमी दोघंच पार्टी काढून राह्यलो. जीप नको, काही नको. बसच्या टपावर सामान टाकलं की झालं."

इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी असं मागितलं नव्हतं. सगळ्यांना यंत्र भरलेलं हवं असायचं. मी कीबोर्ड मांडला आणि आम्ही कामाला लागलो. हे भरायला वेगळीच अडचण होती. नुसता बेस आणि मंजिरी एकट्यानं ऐकली तर अर्धवट, लंगडी वाटायची. माझा हात सारखा मोकळ्या जागेत काहीतरी घालायला जायचा. गंगारामभाऊ म्हणायचे, "काऊन भरता? राहू द्या." मग ते ढोलकी घेऊन बसत, वाजवून दाखवत आणि खरंच, सगळं जागच्या जागी बसायचं. त्यांच्या तिसऱ्या थापेसाठी मी बेसचा एक सूर काढून टाकला, म्हणजे तिला यायला मोकळं राहील.

दुसऱ्या दिवशी देवराव खाली पान खायला गेले होते. गंगारामभाऊ ढोलकीच्या दोऱ्या ताणत बसले होते. मला राहवलं नाही.

"गंगारामभाऊ, तुमच्या घरी मी खोटं बोलले. मला माहीत होतं. मल्लेश खाली जिन्याशी बोलत होता ते मी ऐकलं होतं."

त्यांनी दोरी ताणायची थांबवली नाही. ढोलकीवर एक टिचकी मारून सूर पाहिला.

"मले माहीत हाय."

"कसं?"

"मी बी तिथंच होतो न. खालच्या नळावर हात धुवून राह्यलो होतो. मीनं बी आयकलं."

"मग दुसऱ्या दिवशी का आलात? सगळं पुसलं गेलं होतं तेव्हा पुन्हा का वाजवलंत?"

त्यांनी पुढची दोरी ताणली. नंतर म्हणाले, "माह्या बापानं मले ढोलकी शिकवली, पण थो बी कधी म्हणला नाही, तुही तिसरी थाप मांगं येते म्हणून. लोक नाचत, निघून जात. तुमी पयल्या दिवशीच धरली. मले वाटलं, आता हे एकदा तरी नीट होऊ द्याव. मंग काय व्हाचं थे होवो." मग हसले. "तुमाले बी तसंच वाटलं असन."

तसंच वाटलं होतं. मी फक्त मान हलवली. देवराव पान चघळत वर आले आणि आम्ही पुढचा खण भरायला घेतला.

त्यांची ती दोघांची पार्टी आठ-दहा वर्षं चालली. बारशी, साखरपुडे, भजनं, दुर्गेच्या मांडवातले कार्यक्रम. मोठ्या लग्नांना त्यांना कुणी बोलावलं नाही आणि मल्लेशची पार्टी त्यांच्याहून पुष्कळ पुढं गेली, हेही खरं आहे. 'गंगा' नावाची ती फ्लॉपी किती हातांत गेली कुणास ठाऊक. निर्मलच्या बसस्टँडवर एका कॅसेटच्या दुकानात मी एकदा तो ठेका ऐकला, कुठल्यातरी तेलुगू गाण्याखाली. दुकानदाराला विचारलं, वाजवतंय कोण? तो म्हणाला, "मशीन है मॅडम."

पुढं मोबाइल आले, डीजे आले, माझ्याकडे येणं थांबलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तो कीबोर्ड एका चर्चमधल्या मुलीला देऊन टाकला. गंगारामभाऊ आता नाहीत. लोक कधी विचारतात, बाई, तुम्ही इतके ठेके केलेत, तुमचा स्वतःचा आवडता कुठला? माझ्या डोळ्यांपुढं एकच प्रसंग येतो.

नार्नूरला बाजाराचा दिवस होता आणि बाजाराजवळच एका घरी बारसं. गंगारामभाऊंनी मला मुद्दाम बोलावलं होतं. सकाळची वेळ, अंगणात ताडपत्रीचा मांडव, पाळण्याभोवती बायका. देवरावांनी कीबोर्ड एका लाकडी पेटीवर मांडला होता, शेजारी सतरंजीवर गंगारामभाऊ. पाळणा सुरू झाला. बायका आधी हळू गात होत्या, मग त्यांना रंग चढत गेला आणि त्यांची लय वाढायला लागली. मी धास्तावले. यंत्राला गाणाऱ्या बायकांशी काही देणंघेणं नसतं, लावलेल्या वेगानं ते शेवटपर्यंत चालतं. आता बायका पुढं जाणार, बेस मागं राहणार आणि सगळा विचका होणार.

पण देवराव पट्ट्यांकडे पाहतच नव्हते. त्यांचे डोळे गंगारामभाऊंवर होते आणि डाव्या हाताच्या पट्ट्या धरून ठेवून उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी कीबोर्डाच्या कडेच्या, वेग कमी-जास्त करायच्या छोट्या चाकावर टेकवली होती. गंगारामभाऊ बायकांकडे पाहत होते. त्यांनी हनुवटी किंचित खाली केली, देवरावांनी चाक फिरवलं आणि मी भरलेला बेस ढोलकीच्या मागं मागं पळायला लागला.